करोना संसर्गात पेशी कशा मरतात?

कोविड-१९ च्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना २०२० मध्येच एक गोष्ट वारंवार दिसून आली होती. पहिल्या आठवड्यात अनेक रुग्णांची प्रकृती फारशी चिंताजनक नसे. ताप, खोकला आणि अंगदुखी यापलीकडे आजार जाणार नाही, असे वाटे. मात्र सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास त्यांतील काहींना धाप लागू लागे आणि रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण झपाट्याने घसरे. विशेष म्हणजे घशातील विषाणूंची संख्या याच सुमारास ओसरू लागलेली असे. विषाणू कमी होत असताना रुग्ण अत्यवस्थ का होतो, या प्रश्नाच्या मुळाशी जाताना संशोधकांचे लक्ष पेशींच्या मरणाच्या निरनिराळ्या मार्गांकडे वेधले गेले.

विषाणूची लागण झालेली पेशी बहुतेक वेळा मरतेच. ती कोणत्या मार्गाने मरते, याला मात्र फार महत्त्व आहे. एका मार्गाने गेलेली पेशी शेजारच्या पेशींना चाहूलही न लागू देता नाहीशी होते. दुसऱ्या मार्गाने गेलेली पेशी फुटते, तिच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात आणि परिसरात दाह उसळतो. फुफ्फुसात यांपैकी कोणत्या प्रकारचे मरण अधिक घडते, यावर आजाराचे गांभीर्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. स्टेरॉइडसारखे औषध योग्य वेळी दिल्यास प्राण वाचवते आणि अवेळी दिल्यास घात करू शकते, यामागील कारणही येथेच सापडते.

पानगळीसारखे मरण

पेशींचे मरण ही शरीराच्या दृष्टीने रोजचीच बाब आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी जुन्या होऊन जातात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. त्यांत रक्तपेशींचा वाटा सर्वांत मोठा असतो. एवढी उलथापालथ होऊनही शरीराला त्याचा पत्ता लागत नाही, कारण हे मरण शिस्तबद्ध असते. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलेस्टर करी या तीन शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. झाडावरून पाने किंवा पाकळ्या गळून पडणे, असा या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे.

हा मार्ग पेशीच्या जनुकांतच लिहिलेला असतो, हे एका सूक्ष्म गोलकृमीच्या अभ्यासातून सिद्ध झाले. ‘सी. एलिगन्स’ नावाच्या या कृमीच्या वाढीत १,०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांतील नेमक्या १३१ पेशी ठरलेल्या वेळी मरतात. या संशोधनाबद्दल सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अपॉप्टोसिसमध्ये मुख्य काम करतात ती ‘कॅस्पेज’ या गटातील विकरे, म्हणजेच एन्झाइम. कात्रीप्रमाणे ती पेशीतील ठरावीक प्रथिने कापतात. ही कात्री चालू होण्याचे दोन मार्ग आहेत. पेशीला आतून इजा झाली, तर तिच्या ऊर्जाकेंद्रांतून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातून, इशारा मिळतो आणि कॅस्पेज-९ जागे होते. बाहेरून मरणाचा आदेश आला, तर पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिने तो स्वीकारतात आणि कॅस्पेज-८ कामाला लागते. दोन्ही वाटा शेवटी कॅस्पेज-३ पाशी येऊन मिळतात. पेशी आक्रसते, तिच्यातील डीएनएचे तुकडे होतात आणि तिची लहान लहान पुडकी बांधली जातात. भक्षक पेशी ही पुडकी गिळून टाकतात. पेशीचे आवरण अखेरपर्यंत शाबूत राहत असल्याने बाहेर काहीच सांडत नाही.

विषाणूंच्या बाबतीत हे मरण म्हणजे शरीराच्या संरक्षणाचा एक उपाय ठरतो. विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याला पेशीची यंत्रणा वापरावी लागते. लागण झालेल्या पेशीने लवकर प्राण सोडल्यास विषाणूचा कारखानाच बंद पडतो.

फुटणाऱ्या पेशी

दुसऱ्या प्रकारच्या मरणाला २००१ मध्ये ‘पायरॉप्टोसिस’ हे नाव मिळाले. या शब्दात अग्नी या अर्थाचे ग्रीक पद आहे. पेशीत शिरलेल्या जंतूची किंवा त्याने केलेल्या नासधुशीची चाहूल काही पहारेकरी प्रथिनांना लागते. ती एकत्र येऊन ‘इन्फ्लमसोम’ नावाची रचना उभी करतात आणि कॅस्पेज-१ हे विकर कार्यरत होते. पुढील दुवा २०१५ मध्ये उलगडला. कॅस्पेज-१ हे ‘गॅस्डर्मिन डी’ या प्रथिनाचे दोन तुकडे करते आणि त्यांतील एक तुकडा पेशीच्या आवरणात छिद्रे पाडतो, असे चीनमधील व अमेरिकेतील संशोधकांना स्वतंत्रपणे आढळले. या छिद्रांतून इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह भडकवणारे प्रथिन बाहेर पडते.

छिद्रे पडलेली पेशी पाण्याने फुगून आपोआप फुटते, असा समज दीर्घकाळ होता. २०२१ मध्ये तोही बदलला. आवरण फाडण्याचे काम ‘निंजुरिन-१’ नावाचे वेगळे प्रथिन करते, असे दिसून आले. पेशीचे शेवटचे फुटणेही योजनाबद्धच असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

‘नेक्रॉप्टोसिस’ हा तिसरा मार्ग. २००५ मध्ये नाव मिळालेल्या या मार्गात कॅस्पेजचा सहभाग नसतो. उलट कॅस्पेज-८ चे काम रोखले गेल्यावर हा पर्याय खुला होतो. आरआयपीके-३ आणि एमएलकेएल ही प्रथिने मग आवरण फोडतात. एखाद्या विषाणूने अपॉप्टोसिसची वाट अडवली, तर पेशीच्या हाती राहिलेला हा राखीव उपाय आहे. त्याची किंमत मात्र दाहाच्या रूपाने शेजारच्या पेशींना मोजावी लागते.

सार्सपासून सुरू झालेला शोध

करोना कुळातील विषाणू आणि पेशींचे मरण यांच्या संबंधाचा कसून अभ्यास सुरू झाला तो सार्सच्या साथीनंतर. २००२-०३ मधील या साथीत ८,०९६ जणांना लागण झाली आणि ७७४ जणांचा मृत्यू झाला. सार्सच्या विषाणूतील ७-ए आणि ३-ए ही प्रथिने पेशीला अपॉप्टोसिसकडे ढकलतात, असे पुढील काही वर्षांत प्रयोगशाळेत आढळले. २०१२ मध्ये सौदी अरेबियात प्रथम ओळखला गेलेला मर्सचा विषाणू आणखी एक पाऊल पुढे गेलेला दिसला. रोगप्रतिकाराचा कणा असलेल्या टी पेशींत शिरून तो त्यांना अपॉप्टोसिसच्या मार्गाने मारू शकतो, असे हाँगकाँगमधील संशोधकांनी दाखवले.

कोविड-१९ चा विषाणू या दोघांचा नातलग असला तरी त्याचे वर्तन काहीसे निराळे आहे. त्याचेही ३-ए प्रथिन पेशीला मारते. मात्र सार्सच्या प्रथिनाच्या तुलनेत त्याचा हा गुण सौम्य असल्याचे २०२० मध्ये आढळले. पेशी लगेच न मारता तिच्यात अधिक काळ वाढत राहणे विषाणूच्या पथ्यावर पडत असावे आणि लक्षणे नसलेल्या व्यक्तींकडून होणाऱ्या प्रसाराशी त्याचा संबंध असावा, असा तर्क त्यावरून मांडण्यात आला.

शरीराचीच कात्री विषाणूच्या हाती

पेशीला मारणारी विकरे विषाणू स्वतःच्या फायद्यासाठी वापरून घेतो, हे हाँगकाँग विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. कॅस्पेज-६ हे विकर विषाणूचे ‘एन’ प्रथिन कापते. विषाणूचेच प्रथिन कापले जात असल्याने त्याचे नुकसान व्हावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कापलेले तुकडे इंटरफेरॉनच्या कामात अडथळा आणतात. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूचा शिरकाव झाल्याची वर्दी शेजारच्या पेशींना देणारी प्रथिने. ही वर्दीच दबल्यामुळे विषाणूला वाढीसाठी मोकळे रान मिळते. हॅमस्टरमध्ये कॅस्पेज-६ रोखल्यावर फुफ्फुसांची हानी कमी झाली.

विषाणूचे मुख्य प्रोटिएज, म्हणजे त्याची स्वतःची प्रथिने कापणारे विकर, हा या डावातील दुसरा मोहरा. ते गॅस्डर्मिन डी हे प्रथिन भलत्याच जागी कापते. परिणामी त्याचा छिद्रे पाडणारा तुकडा निकामी होतो आणि पायरॉप्टोसिस टळते. पेशीनेही यावर तोड काढलेली आहे. श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशींमध्ये एनएलआरपी-१ नावाचे पहारेकरी प्रथिन असते. विषाणूच्या प्रोटिएजने त्याला कापताच ते धोक्याचा इशारा समजते. गॅस्डर्मिन डी निकामी झाले असल्यास कॅस्पेज-३ च्या मदतीने गॅस्डर्मिन ई कामाला लागते आणि पेशी फुटतेच. विषाणूचे हेच प्रोटिएज रोखणारे निर्माट्रेलव्हिर हे औषध ‘पॅक्सलोव्हिड’ या नावाने डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन वापरासाठी मंजूर झाले.

वायुकोशांतील पडझड

माणसाच्या फुफ्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पातळ पेशींतून ऑक्सिजन रक्तात जातो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी वायुकोश मिटू नयेत यासाठी एक स्निग्ध द्रव स्रवतात आणि गरज पडल्यास पहिल्या प्रकारच्या पेशींची जागाही भरून काढतात. करोना विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारे एसीई-२ हे प्रथिन या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर असते. त्या मेल्या की वायुकोश मिटू लागतात, त्यांत द्रव साचतो आणि दुरुस्तीची सोयही उरत नाही.

इटलीतील त्रिएस्ते येथे कोविडने मृत्यू पावलेल्या ४१ रुग्णांच्या शवविच्छेदनात फुफ्फुसातील अनेक पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी बनल्याचे आढळले. लागण झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावर आलेले विषाणूचे काटेरी प्रथिन शेजारच्या पेशीला चिकटल्याने हे घडते.

या पडझडीची खूण रक्ततपासणीतही उमटते. साथीच्या काळात शहरांतील अनेक कुटुंबांना ‘एलडीएच’ ही तपासणी परिचयाची झाली. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे विकर पेशीच्या आत असते. गॅस्डर्मिनच्या छिद्रांतून सहज निसटण्याच्या मानाने ते मोठे असल्याने पेशीचे आवरण फाटल्यावरच ते मोठ्या प्रमाणात बाहेर येते. त्यामुळे रक्तातील त्याची वाढ म्हणजे कोठेतरी पेशी फुटत असल्याचा संकेत असतो. यकृताचे विकार किंवा तांबड्या रक्तपेशींचा नाश यांमुळेही हा आकडा वाढू शकतो. म्हणूनच डॉक्टर त्याच्याबरोबर सीआरपी, फेरिटिन आणि डी-डायमर यांचे आकडेही पाहत.

दाह पसरतो कसा?

अस्तराच्या पेशी मरतात तेवढ्याने फुफ्फुसातील दाहाचा पूर्ण उलगडा होत नाही. त्यासाठी रक्तातील मोनोसाइट या श्वेतपेशींकडे पाहावे लागते. बोस्टनमधील शास्त्रज्ञ ज्युडी लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोविड रुग्णांच्या रक्तातील सुमारे ६ टक्के मोनोसाइटमध्ये विषाणू शिरलेला त्यांना आढळला. प्रतिपिंडे चिकटलेले विषाणू या पेशी गिळत होत्या. आत गेल्यावर विषाणूची वाढ सुरू होई, पण पायरॉप्टोसिसमुळे पेशीच फुटून जाई आणि नवे विषाणू बाहेर पडत नसत. विषाणूच्या दृष्टीने ही वाट बंद होती. रुग्णाच्या शरीरात मात्र दाहाची भर पडत होती. लस घेतलेल्या व्यक्तींच्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे मोनोसाइटमध्ये असा शिरकाव वाढत नाही, हेही याच अभ्यासात दिसले. येल विद्यापीठातील रिचर्ड फ्लॅव्हेल यांच्या गटाने मानवी प्रतिकारपेशी बसवलेल्या उंदरांवर प्रयोग केले. भक्षक पेशींतील इन्फ्लमसोम रोखल्यावर फुफ्फुसांचा आजार सौम्य झाला, असे त्यांना आढळले.

‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द साथीच्या काळात घरोघरी पोहोचला. या वादळाचा आणि पेशींच्या मरणाचा दुवा जोडण्याचे महत्त्वाचे काम अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड बालरुग्णालयाच्या संशोधन केंद्रात झाले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवलेल्या डॉ. तिरुमला देवी कन्नेगंटी या तेथील संशोधनाच्या प्रमुख आहेत. गंभीर रुग्णांच्या रक्तात वाढणारी अनेक सायटोकाइन त्यांच्या गटाने तपासली. टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा ही दोन एकत्र आली की पेशी मोठ्या संख्येने मरतात, असे त्यांना आढळले. त्या वेळी अपॉप्टोसिस, पायरॉप्टोसिस आणि नेक्रॉप्टोसिस या तिन्ही मार्गांची लक्षणे एकाच वेळी दिसत होती. तिन्हींच्या आद्याक्षरांवरून या अवस्थेला ‘पॅनॉप्टोसिस’ असे नाव देण्यात आले. विषाणूची लागण केलेल्या उंदरांना ही दोन सायटोकाइन निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे दिल्यावर त्यांतील अनेक उंदीर वाचले. हा निबंध जानेवारी २०२१ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पॅनॉप्टोसिसला स्वतंत्र मार्ग मानावे की तीन मार्गांची सरमिसळ, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

यातून तयार होणारे दुष्टचक्र मात्र स्पष्ट आहे. फुटलेल्या पेशींमुळे सायटोकाइन वाढतात आणि वाढलेली सायटोकाइन आणखी पेशींना मारतात. एकदा हे चक्र फिरू लागले की त्याला विषाणूच्या उपस्थितीची फारशी गरज राहत नाही. दुसऱ्या आठवड्यात विषाणू ओसरत असताना काही रुग्ण का ढासळत, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे मिळते.

वटवाघळाचा धडा

करोना कुळातील अनेक विषाणू वटवाघळांत आढळतात, पण ती सहसा आजारी पडत नाहीत. सिंगापूर येथील लिन्फा वांग यांच्या गटाने २०१९ मध्ये त्याचे एक कारण पुढे आणले. वटवाघळांच्या प्रतिकारपेशींत एनएलआरपी-३ या इन्फ्लमसोमचे काम मंदावलेले असते. मर्सच्या विषाणूची लागण करूनही त्या पेशींत दाहाची प्रतिक्रिया उमटत नव्हती आणि विषाणूंच्या संख्येत मात्र त्यामुळे विशेष फरक पडत नव्हता. विषाणू शरीरात असूनही प्राणी निरोगी राहू शकतो, याचा अर्थ माणसाच्या आजारात शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेचा वाटा मोठा आहे.

औषध आणि वेळ

या साऱ्या ज्ञानाचा रुग्णाशी संबंध येतो तो उपचारांच्या टप्प्यावर. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाला. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांतील २८ दिवसांचा मृत्युदर ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आला. केवळ ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत तो २६.२ वरून २३.३ टक्के झाला. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. त्या गटात औषध घेतलेल्यांचा मृत्युदर १७.८ टक्के, तर न घेतलेल्यांचा १४ टक्के होता. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नसला तरी इशारा पुरेसा होता. पहिल्या टप्प्यात विषाणूशी लढण्यासाठी प्रतिकारशक्तीची आवश्यकता असते. तिला तेव्हाच आवरले तर विषाणूचे फावते. दाहाचे चक्र सुरू झाल्यावर मात्र तिला आवर घालणे हाच उपचार ठरतो.

भारतात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत या वेळेचे भान अनेक ठिकाणी सुटले. घरी असलेल्या सौम्य रुग्णांनीही स्टेरॉइड घेतल्याची उदाहरणे घडली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर यांचा संबंध त्यानंतर उसळलेल्या म्युकरमायकोसिसशी जोडला गेला. महाराष्ट्रात अनेक रुग्णांना या बुरशीमुळे डोळा किंवा जबड्याचा भाग गमवावा लागला.

इंटरल्युकिन-६ चा परिणाम रोखणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधासाठी त्याच काळात नातेवाइकांची धावपळ उडाली होती. रिकव्हरी चाचणीत त्याने रुग्णालयातील निवडक रुग्णांचा मृत्युदर ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आणला. लाभ खरा असला तरी तो मर्यादित होता. संधिवातावरील बॅरिसिटिनिब हे औषध ‘जॅक’ या विकरांना रोखते. टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा यांच्या जोडीकडून होणाऱ्या पेशीमरणाच्या साखळीतही ‘जॅक’ हा एक दुवा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ मध्ये गंभीर रुग्णांसाठी या औषधाची ठाम शिफारस केली.

प्रत्येक तर्कसंगत औषध मात्र यशस्वी ठरले नाही. इन्फ्लमसोमवर परिणाम करणारे, गाउट या विकारासाठी वापरले जाणारे कोल्चिसीन ११ हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांत मृत्युदर २१ टक्केच राहिला. दारूचे व्यसन सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरम हे औषध प्रयोगशाळेत गॅस्डर्मिन डीची छिद्रे रोखते, असे २०२० मध्ये दिसले होते. कोविडच्या प्रस्थापित उपचारांत ते स्थान मिळवू शकले नाही. इंटरफेरॉन देण्याचा प्रयोगही फसला. उशिरा दिलेले इंटरफेरॉन ‘झेडबीपी-१’ या प्रथिनामार्फत पेशींचे मरण वाढवते, असे कन्नेगंटी यांच्या गटाने २०२२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले.

पुढील आव्हान

पेशींच्या मरणाचे मार्ग थेट रोखणारे औषध तयार करण्यात एक मूलभूत अडचण आहे. हेच मार्ग जिवाणूंचा बंदोबस्त करतात आणि बिघडलेल्या पेशी वेळीच नष्ट करून कर्करोगापासून संरक्षण देतात. ते सरसकट बंद करणे परवडणारे नाही. शिवाय एक मार्ग अडवला की पेशी दुसरा पत्करते. कॅस्पेज-८ रोखल्यास नेक्रॉप्टोसिसचे दार उघडते, हे त्याचे ठळक उदाहरण. त्यामुळे कोणता मार्ग, कोणत्या पेशीत आणि आजाराच्या कितव्या दिवशी रोखायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्रितपणे शोधावी लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. या अभ्यासाची गरज मात्र त्यामुळे संपलेली नाही. नोंद झालेल्या रुग्णांपैकी एकतृतीयांशाहून अधिक जणांचा बळी घेणाऱ्या मर्सवर अद्याप खात्रीशीर औषध नाही, आणि दोन दशकांत करोना कुळातील तीन घातक विषाणू माणसापर्यंत पोहोचले आहेत. चौथा आला, तर त्याच्यासाठी लस आणि विषाणूरोधक औषध तयार होण्यास वेळ लागेल. पेशींच्या मरणाचे मार्ग मात्र माणसाच्या शरीरातलेच असल्याने तेव्हाही हेच असतील. त्यांना योग्य वेळी आवर घालणारे औषध हाताशी असले, तर नव्या विषाणूची पूर्ण ओळख पटण्याआधीही अत्यवस्थ रुग्णांना वाचवण्याची संधी मिळू शकेल.